लाकडी घर खेळण्यासारखं दिसतंय? आधी कडा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: टेबलावरच्या युद्धखेळातल्या 28 मिमी मिनिएचरसाठी, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या छोट्या सैनिकांसाठी, लेझरनं कापलेल्या एमडीएफचं दुमजली घर आणलं, जोडलं, त्यावर ॲक्रिलिकचे दोन हात मारले. कडांनी सगळा रंग पिऊन टाकला आणि त्या अजून काळपटच आहेत. पांढऱ्या भिंतीवर पिवळट डाग उमटलेत, छपराचा एक उतार वाकलाय, आणि एवढी मेहनत करूनही घर लहान मुलांच्या खेळण्यातलं वाटतंय. आधी रंगवून मग जोडायला हवं होतं का? एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं छोटं यंत्र, घ्यावा का?

एअरब्रशचं आधी सांगून टाकतो: नको. माझ्याकडे आहे, रणगाड्यांच्या मॉडेलवर तो मी रोज चालवतो, घरांवर जवळजवळ कधीच नाही. भिंतीला जो ओबडधोबडपणा हवा असतो तो एक इंचाच्या जुन्या चपट्या ब्रशनं फुकट मिळतो. एअरब्रशनं तो मुद्दाम आणावा लागतो, आणि एवढ्या मोठ्या भिंती त्यानं भरता भरता संध्याकाळ होते ते वेगळंच.

तुमच्या चारही तक्रारी रंगाच्या नाहीत. रंगाच्या आधी जे करायचं राहून गेलं, त्याच्या आहेत. लेझर-कट घरावर मी स्वतः जेवढा वेळ घालवतो त्यातला निम्म्याहून जास्त वेळ रंगाची बाटली उघडायच्या आधी गेलेला असतो. म्हणून उत्तरही त्याच प्रमाणात लिहितो.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये घोळवून, उष्णता आणि दाब देऊन बनवलेली पाटी. दाबताना तिचे दोन्ही पृष्ठभाग जास्त घट्ट होतात, मधला गाभा त्या मानानं सैल राहतो. म्हणून पाटीच्या तोंडावर रंग बऱ्यापैकी बसतो आणि कापलेल्या कडेत मात्र टीपकागदावर शाई जिरावी तसा आत जातो. त्यात ती कड लेझरनं जाळत जाळत कापलेली. कोऱ्या किटच्या कडेवरून बोट फिरवून बघा, बोट काळं होतं. ही काजळी आणि जळलेल्या रेझिनचा चिकट तपकिरी अंश पाण्यावरच्या रंगात मिसळून वर येतो. पांढऱ्या भिंतीवरचे पिवळे डाग ते हेच. तिसरा हात मारलात तरी ते पुन्हा डोकं वर काढतील, कारण प्रत्येक नवा ओला हात त्यांना नव्यानं वर ओढतो.

यावर जुना उपाय आहे, लाख. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवलेलं लाखेचं पॉलिश वापरतात तेच. धुराचे, काजळीचे, लाकडाच्या चिकाचे डाग अडवायला लाखेइतकं भरवशाचं दुसरं काही माझ्या हाताला लागलेलं नाही, आणि त्यात पाणी नसल्यामुळे तंतू फारसे फुगत नाहीत. मेण काढलेली लाख मिळाली तर तीच घ्या, मेण असलेल्या लाखेवर काही रंग नीट धरत नाहीत.

करायचं असं. सगळे तुकडे चौकटीतून सुटे करा. 240 नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा हलक्या घासा. जळका थर पूर्ण काढायचा नाही, फक्त सुटी काजळी आणि जोडाचे कुसळासारखे अवशेष घालवायचे. सगळं घासून पिवळं लाकूड दिसेपर्यंत गेलात तर उलट आतले मोकळे तंतू उघडे पडतात आणि कड आणखी तहानलेली होते. घासताना तोंडावर धुळीचा मास्क हवाच, एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि तिच्यात रेझिनही असतं. मग ओल्या फडक्यानं नव्हे, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा आणि लाखेचा पातळ हात मारा, दोन्ही तोंडांना आणि कडांना. अर्ध्या तासात तो वाळतो. हात फिरवलात की तोंड गुळगुळीत आणि कड दाढीच्या खुंटांसारखी खरखरीत लागेल. ती 400 नंबरनं दोनदा पुसल्यासारखी घासा आणि दुसरा हात मारा. कडांना तिसरा.

पुरेसं झालं की नाही हे कळायला कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब गोल राहिला आणि झटकल्यावर निघून गेला तर कड बंद झाली. थेंब पसरून खाली काळपट ठसा उमटला तर अजून एक हात. ही चाचणी मी अजूनही करतो, कारण नजरेला दोन्ही कडा सारख्याच चकचकीत दिसतात.

लाख नसेल तर सुतारकामाचा पांढरा गोंद निम्मं पाणी घालून लावणारे बरेच जण आहेत. चालतं, पण त्यात पाणी आहे हे विसरू नका. 3 मिमीच्या भिंतीला ते सोसतं, 2 मिमीच्या छपराला सोसेलच असं नाही. कडांसाठी मात्र एक छान युक्ती आहे: भिंतीच्या भेगा बुजवायची हलकी पुट्टी बोटानं कडेत दाबून चोळायची, वाळली की घासायची. कड इतकी गुळगुळीत होते की तो तुकडा लेझरनं कापलाय हे सांगावं लागतं.

आता वाकलेलं छप्पर. पाटीच्या एकाच तोंडाला ओला रंग लागला की ते तोंड फुगतं, मग वाळताना रंगाचा पापुद्रा आकसतो आणि पाटी रंगाच्या बाजूला ओढली जाते. माझं पहिलं धान्याचं कोठार असंच नावेसारखं झालं होतं. छप्पर वरून दोनदा रंगवलं, खालून कोरं ठेवलं, कारण खालून कोण बघतंय? सकाळी चारही कोपरे वर आलेले. तेव्हापासून नियम एकच, वर जेवढे हात तेवढेच खाली. खालच्या हातात उरलासुरला कुठलाही रंग चालतो. शिवाय छपराच्या खालून एमडीएफच्या टाकाऊ चौकटीच्या दोन पट्ट्या आडव्या चिकटवा. जी चौकट आपण फेकून देतो तिच्यात घरभर पुरतील एवढ्या पट्ट्या निघतात.

आधी रंगवायचं की आधी जोडायचं? दोन्ही, तुकड्यातुकड्यानं. पहिल्यांदा गोंदाशिवाय सगळं घर उभं करून बघा. कुठला कप्पा बाहेर काढता यायला हवा हे तेव्हाच कळतं. खेळताना मिनिएचर आत जाणार असेल तर छप्पर आणि वरचा मजला सुटेच राहिले पाहिजेत. आतल्या भिंती आणि जमिनी जोडायच्या आधी रंगवा, नंतर ब्रश आत पोचत नाही. दारं, खिडक्यांच्या चौकटी, झडपा वेगळ्या रंगवून शेवटी बसवा. बाहेरच्या चार भिंती मात्र आधी चिकटवून, सांधे बुजवून मगच रंगवायच्या. आणि खाचेत जाणाऱ्या जिभांना लाखेच्या आधीच कागदी चिकटपट्टी लावून त्या कोऱ्या ठेवा. खाच लेझरनं अगदी मापात कापलेली असते, रंगाचे दोन हात चढले की जीभ आत जात नाही आणि जोर लावला की भिंत सांध्यापाशी सोलवटते. शिवाय पांढरा गोंद कोऱ्या लाकडालाच धरतो. रंगाला चिकटवलेला सांधा म्हणजे रंगाच्या पापुद्र्याला चिकटवलेला सांधा.

खेळण्यासारखं का दिसतं, त्याचं माझं उत्तर या जिभांतच आहे. घराच्या कोपऱ्यावर कंगव्याच्या दातांसारखे जे सांधे दिसतात, ते कुठल्याही खऱ्या घरात नसतात. रंग कितीही चांगला असो, नजर तिथे जाते आणि मेंदू म्हणतो, हा डबा आहे. गिलाव्याची भिंत असेल तर सांध्यात पुट्टी भरून, घासून, वरून पोत दिला की दात दिसेनासे होतात. दगडी किंवा विटांचं घर असेल तर पुठ्ठ्याचे छोटे चौकोन कापून कोपऱ्याला एक लांब, एक आखूड असे आलटून पालटून चिकटवा. खऱ्या इमारतींतही कोपऱ्याचे दगड असेच बसवतात. लाकडी सांगाड्याचं घर असेल तर कोपऱ्यावर बाल्साची, म्हणजे त्या हलक्या मऊ लाकडाची पट्टी, तोच खांब. तिन्हींपैकी कुठलाही प्रकार असो, तासभर काम आहे. वेळ फक्त एकाच गोष्टीला असेल, तर रंग सोडून ही करा असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट जाडीची. 28 मिमीच्या मिनिएचरसाठी साधारण 1:56 हे प्रमाण धरतात, म्हणजे खरा एक मीटर टेबलावर 18 मिमीच्या आसपास. त्या हिशोबानं 3 मिमीची भिंत खऱ्या मापात 17 सेंटीमीटर जाड, ठीक आहे. पण 2 मिमीची खिडकीची झडप 11 सेंटीमीटर जाड होते, जी किल्ल्याच्या दरवाजाला शोभेल. झडपा आणि दारं मागच्या बाजूनं पॉलिश पेपरवर तिरपी घासा, समोरून कड निम्मी दिसली तरी पुरे. छपराच्या वळचणीची कडही तशीच खालून उतरती घासा. हे काम कंटाळवाणं आहे, मी गाणी लावून करतो.

मग पोत. लेझरनं कोरलेल्या भिंतीचं तोंड काचेसारखं सपाट असतं आणि सपाट भिंतीवर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं फक्त उंचवट्यांना रंग लावणं, काहीच पकडत नाही. गिलाव्यासाठी मी जाडसर ॲक्रिलिक रंग, भिंतीच्या पुट्टीची पावडर, थोडा पांढरा गोंद आणि चाळलेली बारीक वाळू एकत्र करतो. घट्टपणा दह्यासारखा हवा, पळीवाढा नको. जुन्या, केस पसरलेल्या ब्रशनं ठोकत ठोकत लावायचं, ओढत नाही. अर्धा मिलिमीटर जाडी पुरे, त्याहून जास्त झालं तर 28 मिमीच्या माणसाशेजारी ती भिंत नसून डोंगराचा कडा वाटतो. जोत्यापाशी आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत थोडं जास्त ठोका, तिथे गिलावा नेहमी खराब झालेला असतो. एखाद्या ठिकाणी गिलावा पडून आतल्या विटा दिसतायत असं दाखवायचं असेल तर तेवढा भाग कोरा सोडा. पण एका घराला एकच. प्रत्येक भिंतीवर असं भगदाड दिसलं की ते घर जुनं न वाटता सजवलेलं वाटतं.

पोत पूर्ण वाळला की अस्तर. गाड्यांना मारतात तो करडा स्प्रे प्रायमर मला सगळ्यांत पसंत आहे. 25 ते 30 सेंटीमीटर लांबून, तुकड्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवत, पातळ फवारे. उघड्यावर मारा. कुठे थर्मोकोल किंवा फोम वापरला असेल तर तो आधी पूर्ण झाकलेला हवा, स्प्रेमधलं द्रावण तो खाऊन टाकतं. काळ्या अस्तराचे भक्त बरेच आहेत. घरांसाठी मला ते पटत नाही, वरच्या फिकट भिंतींना नंतर चार-चार हात लागतात.

रंग निवडताना दोन गोष्टी डोक्यात ठेवतो. घर आपण दोन-तीन फुटांवरून आणि वरून बघतो, त्यामुळे खरा घराचा रंग जसाच्या तसा लावला तर तो छोट्या मॉडेलवर फार गडद आणि कडक दिसतो. प्रत्येक रंगात थोडा फिकट करडा किंवा क्रीम मिसळा. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा तर वापरूच नका. दुसरं, टेबलावर नायक मिनिएचर आहेत. लाल गणवेशाच्या पलटणीमागे तितकंच भडक लाल छप्पर आलं की दोघंही हरवतात. घराचे रंग जरा मळके, जरा विझलेले ठेवा, सैनिक आपोआप पुढे येतात.

पांढऱ्या गिलाव्याच्या भिंतीला मी असा जातो. पहिला हात मातकट तपकिरी-करडा, पूर्ण भिंतीला, कानाकोपऱ्यात. दुसरा त्यातच क्रीम घालून, कोपरे आणि वळचणीखालचा भाग सोडून. तिसरा त्याहून फिकट, फक्त भिंतीच्या मधल्या भागावर, जवळजवळ कोरड्या ब्रशनं गोल गोल घासत. शेवटी मळकट पांढऱ्याचा अगदी हलका ड्रायब्रश, वरून खाली. ब्रशला रंग लावून तो फडक्यावर इतका पुसायचा की फडक्यावर ठसा उमटणं जवळपास बंद होईल. घाई तिथेच नडते. ओला ड्रायब्रश म्हणजे ओरखडे, आणि ओरखडे काढायला पुन्हा पहिल्यापासून. या रंगासाठी मिनिएचरच्या छोट्या महागड्या बाटल्या वाया घालवू नका. घराच्या भिंतीला लावतात तो मॅट इमल्शनचा लहान डबा पुष्कळ घरांना पुरतो.

विटांचा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण तिथे लेझर आपल्याला फसवतो. एक नेहमीची वीट 215 मिमी लांब आणि 65 मिमी उंच धरा, मधला सांधा 10 मिमी. 1:56 मध्ये वीट होते 3.8 गुणिले 1.2 मिमी आणि सांधा 0.18 मिमी. लेझरची कोरलेली रेघ साधारण तेवढीच बारीक असते, म्हणजे मापात काही चूक नाही. चूक रंगात आहे: लेझरची रेघ जळून काळी झालेली, तर खऱ्या भिंतीतला चुन्याचा किंवा सिमेंटचा सांधा बहुतेक वेळा विटेपेक्षा फिकट. आपण वरून लाल फासून रेघा काळ्या ठेवल्या की ती भिंत छापील चित्रासारखी दिसते.

म्हणून आधी सगळ्या भिंतीला वीट-रंगाचा मधला हात, गेरूत थोडा तपकिरी आणि चिमूटभर करडा. वाळला की चपटा, आखूड केसांचा छोटा ब्रश घेऊन सुट्या सुट्या विटा टिपायच्या: दहातली एखादी गडद जांभळट, एखादी पिवळसर नारिंगी, एखादी जळकी करडी. ओळीनं टिपायच्या नाहीत. माझा हात हमखास तिरप्या रेषेत चालतो, त्यामुळे मी एक वीट टिपली की भिंत फिरवून उलटी धरतो आणि मग पुढची निवडतो. दोन शेजारच्या विटा एकाच रंगाच्या झाल्या तर बिघडत नाही, खऱ्या भिंतीत होतातच. हे झालं की मॅट वार्निशचा एक हात द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. मग फिकट करडी-पिवळी पुट्टी पातळ करून बोटानं सगळ्या भिंतीवर चोळा, रेघांत भरू द्या आणि दोनेक मिनिटांनी किंचित ओल्या स्पंजनं तिरप्या दिशेनं पुसा. रेघेच्या दिशेनं पुसलंत तर सांध्यातली पुट्टी बाहेर येईल. पहिल्या क्षणी भिंत राख फासल्यासारखी दिसते आणि पोटात गोळा येतो. थांबा. पुसून, वाळून झाली की विटा परत वर येतात, आणि त्यांच्यावर उरलेला तो किंचित धुरकटपणाच भिंतीला वय देतो.

लाकडी सांगाड्याचं घर असेल तर तुळया काळ्या रंगवायची सवय सोडा. इंग्लंडमधल्या जुन्या घरांचे ते प्रसिद्ध काळे-पांढरे पट्टे बऱ्याच ठिकाणी 19व्या शतकातल्या हौसेनं आलेले आहेत, त्याआधी ओकच्या तुळया पुष्कळदा तशाच उघड्या सोडत. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातला लिग्निन तुटतो, पावसानं तो धुऊन जातो आणि लाकूड चंदेरी करडं होतं. म्हणून तुळईला गडद करडा-तपकिरी पाया, त्यावर मधला करडा, मग फिकट करड्याचा ड्रायब्रश, हे सगळं शिरांच्या दिशेनं. बाल्साच्या पट्ट्यांवर रंगवायच्या आधी तारेचा ब्रश ओढलात तर शिरा आयत्या मिळतात. कोरलेल्या एमडीएफवर सुरीच्या टोकानं चार-पाच वेड्यावाकड्या रेघा ओढा. वळचणीखाली, जिथे ऊन-पाऊस पोचत नाही, तिथे तपकिरी ठेवा. घराच्या एकाच तुळईत वर तपकिरी आणि खाली करडा असा बदल दिसला की बघणारा का ते न कळता थबकतो.

छपरावर कोरलेली कौलं मी सरळ झाकतो. कोरीव रेघांनी कौलावर कौल चढल्यासारखं कधीच वाटत नाही. पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टीला खालून दाते पाडा, वळचणीपासून वर चढत जा, प्रत्येक ओळ अर्ध्या कौलानं सरकवून. सगळ्यांत खालच्या ओळीखाली एक जास्तीची सपाट पट्टी टाका म्हणजे पहिलं कौलही इतरांसारखं किंचित उचललेलं राहील. अधूनमधून एखाद्या कौलाचा कोपरा उडवा, एखादं तिरपं करा. पुठ्ठ्यालाही लाखेचा हात द्या, नाहीतर वॉशनं, म्हणजे भेगांत उतरणाऱ्या अगदी पातळ गडद रंगानं, तो मऊ पडतो. रंगवायची पद्धत विटांसारखीच.

वॉशबद्दल. सिटाडेल कंपनीचा ॲग्रॅक्स अर्थशेड हा तयार तपकिरी वॉश सगळ्यांना माहीत आहे आणि चांगलाही आहे, पण एका दुमजली घरात अर्धी बाटली जाते. मी तपकिरी आणि काळा ॲक्रिलिक, भरपूर पाणी, थोडं मॅट मीडियम (रंग नसलेलं, चमक न देणारं ॲक्रिलिक) आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब असं घरी बनवतो. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि वॉश भेगांत धावतो. पूर्ण भिंतीवर ओतू नका. भिंत सपाट असल्यामुळे तो मधेच तळं करून वाळतो आणि कडेला चहाच्या कपाच्या वर्तुळासारखी रेघ सोडतो. तुळई आणि गिलाव्याच्या सांध्यात, कौलांच्या ओळींखाली, दाराच्या फळ्यांमध्ये, एवढंच.

जुनेपणा दाखवताना पाणी कुठून कुठे जाईल एवढा एकच प्रश्न विचारा. खिडकीच्या पाटाच्या दोन टोकांखाली ओघळ येतात, मधोमध नाही. वळचणीच्या पागोळ्या जमिनीवर पडून चिखल उडतो, म्हणून जोत्यावर साधारण 10 मिमीपर्यंत स्पंजनं मातीचा रंग ठोका, वर जाताना विरळ. लोखंडी बिजागरीखाली गंजाचा एक बारीक ओघळ. धुराड्याच्या तोंडाशी काजळी. शेवाळ ज्या बाजूला ऊन कमी त्या एकाच बाजूला. गावातली सगळी घरं टेबलावर एकाच दिशेला तोंड करून राहणार नाहीत हे खरं, पण प्रत्येक घरापुरती ती बाजू ठरलेली असावी.

खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावायचं असेल तर अगदी शेवटी आणि पांढऱ्या गोंदानं. सुपरग्लूची वाफ प्लास्टिकवर बसते आणि काच कायमची धुरकट होते.

वार्निश टाळू नका. मिनिएचरपेक्षा घरांना जास्त हाताळलं जातं आणि कोपऱ्यांचा रंग सगळ्यांत आधी उडतो. आधी चमकदार वार्निशचा एक हात, कारण तो जास्त टणक असतो, मग मॅटचे दोन पातळ हात चमक मारायला. दमट हवेत स्प्रे वार्निश मारू नका. एका पावसाळी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी मी पाच घरांवर घाईनं मारलं आणि पाचही घरांवर बर्फ पडला. चमकदार वार्निशचा एक ओला हात वरून दिल्यावर ती पांढरट साय बहुतेक गेली. दोन छपरांवर राहिली, आणि ते गाव तेव्हापासून हिवाळ्यातलंच आहे.

आता तुमच्या हातात असलेल्या घराचं काय. रंग खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका, एमडीएफचं तोंड सोबत निघून येईल. पण एक धोका आहे: लाखेतलं स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकलाही सोडवतं. ब्रशनं लाख घोळवत बसलात तर खालचा पांढरा चिखलासारखा वर येईल. त्यामुळे तुमच्या भिंतींवर लाखेचा स्प्रे मिळाला तर तो, नाहीतर गाडीचाच प्रायमर, धुक्यासारख्या हलक्या दोन-तीन फवाऱ्यांत मारा आणि मधे प्रत्येक वेळी पूर्ण वाळू द्या. त्याआधी कडांत पुट्टी चोळून घासून घ्या, कोपऱ्यांचे दात बुजवा. डाग थांबले का हे बघायला एका कोपऱ्यात पांढऱ्याचा एक ठिपका लावून रात्रभर ठेवा. सकाळी तो पांढराच असेल तर पुढे चला.

छप्पर घराला चिकटवलेलं नसेल तर ते वाचेल. वाकलेल्या उताराच्या न रंगवलेल्या बाजूला, म्हणजे खालून, वर मारले होते तेवढेच हात मारा. शेवटचा हात अर्धवट ओलसर असतानाच छप्पर बटर पेपरच्या दोन थरांमध्ये सपाट जागी ठेवा, वर एक पाटी आणि त्यावर जाडजूड पुस्तकांचा ढीग. दुसऱ्या दिवशी काढून लगेच खालून आडव्या पट्ट्या चिकटवा आणि गोंद धरेपर्यंत पुन्हा त्याच ढिगाखाली. चिकटवलेलं असेल तर वजन ठेवता येणार नाही, पण आतून हात पोचत असेल तर तेच करा: खालून दोन हात, मग पट्टी लावून ती क्लॅम्पनं किंवा कपड्यांच्या चिमट्यांनी उताराला घट्ट धरून ठेवा, आणि चोवीस तास चिमटे काढू नका.